निखळलेला खांदा आणि मैदानाची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कबड्डीत खांदा निखळला की तो मैदानावरच ओढून बसवायचा, चार दिवस हात गळ्यात अडकवायचा आणि पुढच्या सामन्याला खेळाडूला उतरवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माझ्या मुलाच्या बाबतीत तसेच झाले आणि दोन महिन्यांतच, पकड करताना, तोच खांदा पुन्हा निखळला. खांद्याची खोबण मुळातच उथळ असल्याने सांध्याची सारी भिस्त भोवतालच्या स्नायूंवर व अस्थिबंधांवर असते, आणि तरुण खेळाडूंमध्ये तो पुन्हा निखळण्याचा धोका बराच असतो, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला समजले.

त्यानंतरचे व्यायाम इतके किरकोळ दिसत की मुलाला त्यांची लाजच वाटे. कोपर काटकोनात वाकवून, कोपर व बरगड्या यांच्यामध्ये घडी घातलेला पंचा धरून, दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा सावकाश बाहेरच्या बाजूला ओढायचा. पंचा पडला की ती खेप मोजायची नाही. पहिल्या आठवड्यात पंचा फार वेळा पडला.

२३ मार्च २०२१ रोजी पुण्यातील सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावलेला श्रेयस अय्यर शस्त्रक्रियेनंतर थेट सप्टेंबरमध्ये खेळायला परतला. मग तालुक्याच्या खेळाडूलाच आठवड्याची मुदत का? आयोजकांनी अशा खेळाडूची नोंद फिजिओथेरपिस्टच्या दाखल्याशिवाय करू नये, आणि दाखला देताना दुखणे थांबले एवढेच न पाहता दोन्ही हातांची ताकद ताडून पाहिली जावी, अशी विनंती आहे.

आपला,
एका कबड्डीपटूचा पालक, सातारा