फिनलंडमधल्या ताईंना, लातूरहून आभारपत्र

लातूर

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

उत्तर फिनलंडमधल्या इनारी तलावाकाठच्या केबिनचं बुकिंग पक्कं झालं, व्हिसाची फाइलही जमा झाली, म्हणून हे पत्र. फोनवर आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही समजावून दिलेल्या गोष्टी आमच्या गटापुरत्याच ठेवणं बरं वाटेना. लातूर-नांदेड-परभणीकडची बरीच मंडळी आता उत्तरेचा प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) बघायला निघतात, आणि टूरच्या पत्रकात हिरव्या आकाशाचे फोटो सोडले तर कामाचं काही नसतं. म्हणून पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं आहे.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे तुम्ही आम्हाला आधी तिकीट काढू दिलं नाही. आधी महिना, मग केबिन, मग कागदपत्रं, तिकीट त्यानंतर. वाफसा न बघता पेरणी करू नये, तसंच हे.

महिन्याचं गणित असं. इनारी जवळजवळ ६९ अंश उत्तरेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून साधारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही. अगदी मिट्ट काळोख नसतो, दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, पण आपल्याकडच्या उन्हाला सरावलेल्या माणसाला तो तिसऱ्या दिवशी जड जातो. जून-जुलैत उलट. सूर्य मावळत नाही, म्हणजे प्रकाशाचा खेळ दिसायचा प्रश्नच नाही, आणि डास इतके की केबिनबाहेर उभं राहवत नाही. सप्टेंबरात झाडं तांबडी-पिवळी होतात, तलाव मोकळा असतो आणि पाण्यातही प्रकाश दिसतो. मात्र ढगांचा भरवसा नाही. मार्चमध्ये बर्फ भरपूर, दिवस जवळपास बारा तासांचा, रात्रही पुरेशी काळी. शिवाय मार्चच्या मध्यापर्यंत आपल्याकडं हरभऱ्याची रास झालेली असते, हा मुद्दा तुम्हीच काढलात. माहेर औशाकडचं असल्याशिवाय हे सुचत नाही.

प्रकाशाचा अंदाज सांगणाऱ्या ॲपमधल्या आकड्याबद्दलही तुम्ही आमची समजूत नीट केलीत. केपी आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा) पाच-सहा झाल्याशिवाय काही दिसत नाही हे दक्षिणेकडच्या देशांपुरतं खरं. इनारी त्या प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येतं, तिथं एक-दोन असला तरी चालतो. आडवे येतात ते ढग. म्हणून रात्री ॲपपेक्षा फिनलंडच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा बघायचा, आणि दोन रात्रींचं पॅकेज घ्यायचं नाही. निदान चार रात्री तरी एका ठिकाणी हव्यात. आम्ही पाच घेतल्या.

आता केबिन. फोटोत सगळ्याच सारख्या दिसतात. मालकाला विचारायचे प्रश्न तुम्ही लिहून दिलेत ते असे: नळाला पाणी आहे का, की तलावाच्या बर्फाला भोक पाडून आणायचं? संडास आत आहे का, की अंगणापलीकडं कोरडा संडास? उणे पंचवीसमध्ये या एका उत्तरावर अख्खी सहल अवलंबून असते. तापवणं विजेवर आहे की फक्त लाकडावर? चादरी-टॉवेल भाड्यात धरले आहेत की वेगळे? निघताना सफाई आपण करायची की पैसे भरायचे? तिथं बहुतेक ठिकाणी चादरी वेगळ्या आणि सफाई आपली, आणि त्यात कमीपणा कोणी मानत नाही. दुकान किती दूर, आणि बर्फ पडल्यावर रस्ता कोण मोकळा करतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या मालकानं टाळलं ती केबिन आपण सोडली, ते बरंच झालं.

लाकडाच्या शेगडीबद्दल तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून इथं ठळक लिहितो. पेटवण्याआधी धुराड्याची झडप पूर्ण उघडायची. लाकडं रचून वरून पेटवायची, म्हणजे धूर कमी होतो. आणि ऊब टिकावी म्हणून झडप लवकर लावायची नाही. निखाऱ्यावर लाली किंवा निळी ज्योत दिसते तोवर आत कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. निखारे पूर्ण काळे पडल्यावरच झडप लावायची. आपल्याकडं चूल उघड्या पडवीत असते, त्यामुळं ही भीती आपल्या अंगवळणी नाही.

कागदपत्रांत तुमच्याशिवाय आमचा निभाव लागला नसता. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) नियम छापील आहेत: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परत निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी, विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण १५ दिवस, कधी ४५ लागतात. हे कुठंही मिळतं. पण शेतकऱ्यानं पगाराच्या स्लिपऐवजी काय लावायचं हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत: सातबारा आणि आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर, आयकर विवरणात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवलेलं असलं तर ती पानं, आणि आडतीवरच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या. पट्ट्या कशाला, तर आपल्या बँकखात्यात आठ महिने शुकशुकाट असतो आणि सोयाबीन विकलं की एका दिवशी तीन-चार लाख जमा होतात. फाइल बघणाऱ्याला ते व्हिसासाठी उसने आणलेले पैसे वाटतात. त्या तारखेची, त्याच रकमेची पट्टी शेजारी लावली आणि अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत पीक, बाजार समिती आणि विक्रीची तारीख लिहिली की शंका राहत नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर जसं तसंच हवं, हेही त्यातच. बायकांच्या बँकखात्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव असेल तर लग्नाचा दाखला जोडायचा.

कपड्यांवर मी थोडक्यात लिहितो, कारण सांगून पटत नाही, तिथं गेल्यावरच पटतं. आतून मेरिनो लोकरीचं, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारं. सुती बनियन अजिबात नाही, कारण ते घाम धरून ठेवतं आणि थांबलं की अंगातली ऊब खेचून घेतं. बूट एक नंबर मोठा, कारण दोन मोज्यांनी बूट आवळला तर रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. हातात पाच बोटांच्या हातमोज्यावर अंगठा तेवढा वेगळा असलेला मोठा हातमोजा. उणे वीस असताना ताशी ३६ किलोमीटरचा वारा सुटला तर कातडीला ते उणे तेहेतीससारखं लागतं, आणि स्नोमोबाइलवर बसलं की वारा नसला तरी तो आपणच तयार करतो. बाहेरचा जाड एकसंध पोशाख विकत घेऊ नका, तिथं सहलीसोबत मिळतो, या तुमच्या सल्ल्यानं प्रत्येकाचे बरेच पैसे वाचले. मोबाइल आतल्या खिशात ठेवायचा. कॅमेरा आत आणण्याआधी बाहेरच पिशवीत घालून तोंड बंद करायचं, नाहीतर भिंगावर दव धरतं.

खाण्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या लोकांच्या बॅगा तिथंच अडकतात. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, खवा नाही, कुंथलगिरीचे पेढे नाहीत, दूध पावडर घातलेलं चहाचं प्रीमिक्सही नाही. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबंही नकोत. त्याला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो आणि तो सहलीसाठी कोणी काढत बसत नाही. चालतं ते कोरडं: ज्वारीचं दळलेलं पीठ, शेंगदाण्याची चटणी, येसर, काळं तिखट, मेतकूट, सुकवलेला कढीपत्ता चुरून मसाल्यात मिसळलेला. सगळं सीलबंद आणि वर इंग्रजीत नाव लिहिलेलं. पांढऱ्या पिठाची बिननावाची पुडी विमानतळावर बघणाऱ्याला काय वाटेल ते सांगायला नको.

चार माणसं, पाच रात्री, एक वेळ भाकरी. माणशी दोन धरल्या तर चाळीस भाकऱ्या, म्हणजे साधारण चार किलो पीठ. तुम्ही ते तीनवर आणलंत. तिथली शेगडी काचेची, ज्योत नाही, त्यामुळं भाकरी थेट आचेवर फुगवता येत नाही. तव्यावरच कापडानं दाबून शेकावी लागते आणि वेळ दुप्पट लागतो. दोन दिवसांनी मंडळी आपोआप धपाट्यांवर येतात. तवा सपाट बुडाचा आणि लोखंडी, कारण काही केबिनमध्ये इंडक्शन असतं. आणि फोडणी! धुराचा अलार्म छताला असतो, मोहरी तडतडली की बोंबलतो. आधी पंखा पूर्ण वेगात, मग तेल, मिरची शेवटी आणि आच कमी. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची नाही. लाकडी घर आहे. दूध, लोणी, दही, बटाटे, कोबी, राय नावाच्या धान्याचा पाव हे सगळं इनारी गावातल्या दुकानात मिळतं, आणि नळाचं पाणी थेट प्यायचं.

जाण्याचा मार्ग: लातूर एक्सप्रेसनं मुंबई, तिथून एकाच तिकिटावर हेलसिंकीमार्गे इव्हालो. एकच तिकीट, कारण बर्फामुळं एक विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करायची असते. वेगवेगळी तिकिटं घेतली तर ती जबाबदारी आपली. इव्हालो ते इनारी गाव सुमारे ४० किलोमीटर, बस मिळते. गाडी भाड्यानं घेण्याचा आमच्यातल्या तरुणांचा हट्ट तुम्ही मोडलात. माझंही मत तेच आहे. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो, पण उजव्या बाजूनं चालवणं, गोठलेला रस्ता आणि समोर अचानक रेनडियर, हे तिन्ही एकाच दिवशी शिकायची गोष्ट नव्हे. तिथला प्रत्येक रेनडियर कोणाच्या तरी मालकीचा असतो. धडक बसली तर ११२ ला कळवावंच लागतं.

तलावाबद्दल. इनारीचं क्षेत्रफळ सुमारे १,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे पैठणच्या नाथसागराच्या जवळजवळ तिप्पट. बेटं तीन हजारांवर, खोली कुठं कुठं ९० मीटरपेक्षा जास्त. नोव्हेंबरात गोठतो तो जूनच्या सुरुवातीला सुटतो. मार्चमध्ये बर्फ जाड असतो म्हणून कुठंही चालत सुटायचं असं नाही. माणसाला निदान पाच सेंटिमीटर घट्ट बर्फ लागतो, आणि तो सगळीकडं सारखा नसतो. नदीच्या मुखाशी, अरुंद खिंडीत खालून प्रवाह असतो आणि वरून काही कळत नाही. गावातच युटुआ नदी तलावाला मिळते, तिकडं जायचं नाही. खुणांच्या काठ्या लावलेल्या वाटेनंच चालायचं, आणि गळ्यात बर्फात रोवायचे दोन अणकुचीदार खिळे अडकवायचे. पाण्यात पडलेल्या माणसाला निसरड्या कडेवर हात टेकवता येत नाही, ते खिळे रोवूनच वर यावं लागतं.

सामी लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावात कसं वागायचं, हे सांगितल्याबद्दल वेगळे आभार. इनारीत त्यांची संसद आहे, सीदा नावाचं संग्रहालय आहे, आणि तीन सामी भाषा बोलल्या जातात. पोशाखातल्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही. आणि कोणाला "तुमच्याकडं रेनडियर किती?" असं विचारायचं नाही, ते बँकेत किती पैसे आहेत असं विचारण्यासारखं धरतात. आपल्याकडं ओळख झाली की दुसरा प्रश्न "जमीन किती एकर?" हाच असतो, तेव्हा ज्येष्ठ मंडळींना हे तिकीट दाखवण्याआधी सांगून ठेवलं आहे.

बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत, दहा दिवसांच्या जास्तीच्या. मोठं इस्पितळ रोवानिएमीला, इनारीपासून सव्वातीनशे किलोमीटर, त्यामुळं विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे ना हे पॉलिसीत वाचून घेतलं.

दोन गोष्टी तुमच्याकडून अजून हव्यात. परतीच्या दिवशी केबिन सकाळी किती वाजता सोडायची आणि बस त्याआधी आहे की नंतर, हे मालकाला फिनिशमध्ये विचारून घ्याल का? आमच्या इंग्रजी मेलला त्यांचं एका ओळीचं उत्तर येतं. आणि तुमच्यासाठी काय आणायचं ते मोकळेपणानं कळवा. येसर आणि शेंगदाण्याची चटणी घेतलीच आहे, पिठाचं वजन तेवढं सांगा.

आपले नम्र,
इनारीला निघालेली लातूरची मंडळी