तिसरीतल्या मुलाच्या आईकडून बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण निवृत्तीनंतरच्या तुमच्या संध्याकाळी तुम्ही देवळाच्या सभामंडपात आमच्या पोरांना कशा दिल्यात, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणखी बऱ्याच आयांना कळायला हवं.

माझा मुलगा तिसरीत गेला तेव्हा त्याच्याबद्दल जो तो एकच सांगायचा, "अभ्यासात कच्चा आहे." शिकवणीत तेच, नातेवाइकांतही तेच. त्याला नेमकं काय येत नाही, हे मात्र कुणीच सांगेना. पुस्तकातला धडा तर तो घडाघडा म्हणायचा. तुम्ही त्याच्यापुढचं पुस्तक मिटलंत आणि त्याने कधी न पाहिलेली चार वाक्यं पाटीवर लिहून दिलीत. तिथे तो अडला. धडे पाठ झाले होते, वाचन येत नव्हतं. तुम्ही त्याला रागावला नाहीत. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलंत : काना, मात्रा, वेलांटी येते. जोडाक्षरात अडतो. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो. संख्या वाचतो, ऐकून लिहिताना आकडे उलटे पडतात. 'कच्चा' ऐकलं की माझा जीव खालीवर व्हायचा. ते पान वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे एकेक करून जमण्यासारखं आहे.

निपुण भारतचं नाव मी शाळेच्या भिंतीवर वाचलं होतं, पण ते माझ्याही उपयोगाचं आहे हे तुमच्यामुळे कळलं. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेलं केंद्र सरकारचं हे अभियान, २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं हा त्याचा हेतू. तुम्ही तो आम्हा आयांना इयत्तावार सांगितलात. पहिलीच्या मुलाला अनोळखी मजकुरातली चार-पाच शब्दांची सोपी वाक्यं वाचता यावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. दुसरीत समजून वाचण्याचा वेग मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि संख्या ९९९ पर्यंत. तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतच्या संख्या, सोपे गुणाकार. वर्गाने तिसरीत असलेला माझा मुलगा वाचनात पहिलीच्या उंबऱ्यावर होता. हे ऐकताना वाईट वाटलं, पण पुढची पायरी कुठली हेही त्याच वेळी समजलं.

मिनिटाला साठ शब्द ऐकून मी घाबरले होते, आता पोराला घड्याळ लावून पळवायचं की काय! तुम्ही म्हणालात, सगळी ताकद अक्षर जोडण्यातच गेली तर शेवटच्या शब्दापर्यंत पोचताना पहिला शब्द डोक्यातून निसटतो, मग अर्थ कसा लागणार? वेग हवा तो एवढ्यासाठी. म्हणून तो जे वाचेल त्यावर तुम्ही एक प्रश्न विचारायचात, आणि उत्तर आलं तरच ते वाचन धरायचात. ही साधी गोष्ट मी आता घरीही करते.

जोडाक्षरं तर तुम्ही रस्त्यावर शिकवलीत. कन्ना चौकातला न्न, अक्कलकोट रोडचा क्क, सात रस्त्याचा स्त, जोडबसवण्णा चौकातला ण्ण. मार्कंडेयाचं नाव आमच्या घरात रोज घेतलं जातं, पण त्यातला रफार त्याने दुकानाच्या पाटीवर स्वतः ओळखला तेव्हा तो भर रस्त्यात ओरडला. सिद्धेश्वर मात्र कितीतरी दिवस 'सिदेशवर'च राहिला. द्ध आणि श्व एकाच शब्दात, मोठ्यांनाही जड! तुम्ही घाई केली नाहीत.

आणि अडुसष्ट. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं सोलापुरात कुणाला माहीत नाहीत? पण माझा मुलगा अडुसष्ट ऐकलं की ८६ लिहायचा. शिकवणीत त्याबद्दल फटके बसले होते. तुम्ही त्याला म्हणालात, "तेलुगूत सांग." तो म्हणाला, "अरवै एनिमिदि", आणि लगेच ६८ लिहिलं. आमच्या तेलुगूत साठ आधी येतात, आठ नंतर, जसे आकडे लिहिले जातात तसेच. मराठीत आठ आधी ऐकू येतात, म्हणून तो आधी आठच लिहायचा. त्याच्या डोक्यात गोंधळ नव्हता, तो ऐकलेल्या क्रमाने लिहीत होता. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायचं सुचवलं तेव्हा केवढा वाद झाला होता. वादात मी पडत नाही, पण ती अडचण खरी आहे हे मी माझ्या घरात पाहिलंय. आधी घरच्या भाषेत संख्या समजायची, मग तिचं मराठी नाव, हा तुमचा क्रम आमच्या वस्तीतल्या प्रत्येक वर्गात चालावा असं मला मनापासून वाटतं.

वजाबाकीत तो ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहायचा. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन! तुम्ही आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेत आणि एका गठ्ठ्याचं रबर त्यालाच सोडायला लावलंत. चार गठ्ठे, बारा सुट्या काड्या. बारातून सात गेले पाच, चार गठ्ठ्यांतून दोन गेले दोन. उत्तर २५. दशक मोडणं म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना आधी कळलं.

माझ्या सासूबाई विड्या वळतात. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, आणि नातवाचा अभ्यास हा आपला प्रांत नव्हे असं त्यांनी धरूनच चाललेलं. तुम्ही त्यांच्या सुपाशेजारी बसून विचारलंत, "एका कट्ट्यात किती विड्या?" पंचवीस. "मग शंभराला किती कट्टे?" चार. "हजाराला?" चाळीस. त्या न थांबता सांगत गेल्या, आणि तुम्ही नातवाला म्हणालात, "गुणाकार आजीकडून शिकायचा." तंबाखूला मात्र पोराचा हात लागू द्यायचा नाही, मोजायला चिंचोके घ्यायचे, हेही तुम्ही बजावलंत. त्या दिवसापासून सासूबाई संध्याकाळी चिंचोके मांडून त्याची वाट पाहतात. परवा त्यांच्या कारखान्याच्या पुस्तकातल्या नोंदी त्याने त्यांना वाचून दाखवल्या, किती विड्या दिल्या, त्यातल्या किती खराब म्हणून कापल्या, सगळं. इतकी वर्षं त्या ते पुस्तक दुसऱ्याकडून वाचून घेत होत्या.

भागाकार अजून जड जातोय, आणि लांब गोष्ट वाचताना मध्येच कंटाळतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जूनमध्ये धाकटी पहिलीत जाईल. तिच्या वहीच्या मागच्या पानावर काय येतं नि काय येत नाही ते मी लिहायला घेतलंय. एकदा नजरेखालून घालाल का? शेजारच्या दोघीजणीही आपापल्या मुलांच्या वह्या घेऊन येणार आहेत, त्यांनाही थोडा वेळ द्या.

तब्येतीला जपा. उन्हाचं चालत येऊ नका, मुलाला घ्यायला पाठवते.

तुमची ऋणी,
तिसरीतल्या मुलाची आई
पूर्व भाग, सोलापूर