बाबा, झाकण काढा

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "भेंडीचा पार गोंद झाला, पाकिटं चिकटवता येतील." मागून आईचं हसू ऐकू आलं. हाताला प्लास्टर लागल्यापासून ती हसल्याचं पहिल्यांदाच कानावर आलं, म्हणून ती भेंडी अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण प्लास्टर निघायला अजून चार आठवडे आहेत आणि तेवढे दिवस गोंदावर निघायचे नाहीत. फोनवर तुम्ही "हो, हो, कळलं" म्हणता आणि ठेवल्या ठेवल्या विसरता. कागद निदान फ्रिजवर चिकटवता येईल. उरलेली भेंडी आहेच.

बाकी जेवणाचं तुम्ही जमवलंयत. अडतंय ते तोंडीलावण्यावर, आणि तेच तर आईचं खास खातं होतं. आई, हे पत्र तूही वाच, त्यातल्या चुका काढ, पण खुर्चीतून उठायचं नाही. डाव्या हाताने "एवढंसं परतून देते" हे तर अजिबात नाही.

तर आधी भेंडी. तुम्ही ती चिरली आणि मग धुतली, बरोबर ना? मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. भेंडीच्या आतला चिकट रस पाणी पिऊन फुगतो. त्याला जितकं पाणी द्याल तितका तो पसरतो. म्हणून अख्खी भेंडी धुवायची, फडक्याने एकेक कोरडी पुसायची आणि थोडा वेळ पसरून ठेवायची. सुरीही कोरडी हवी. तुकडे बोटाच्या पेरापेक्षा बारीक करू नका, कारण जितके जास्त काप तितका जास्त रस बाहेर. कढईत टाकल्यावर झाकण ठेवायचं नाही, मीठ घालायचं नाही, सारखं उलथन्याने ढवळायचं नाही. कडा तांबूस दिसायला लागल्या की चार थेंब लिंबू पिळा, आंबटाने उरलीसुरली तार तुटते. मीठ अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या आधी.

भेंडी जमली की अर्ध्या भाज्या जमल्या असं समजा, कारण भाजीची निम्मी भानगड पाण्याची असते. कोबी, फ्लॉवर, पालक, दुधी, यांच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मीठ पडलं की ते बाहेर येतं. ते कधी येऊ द्यायचं आणि कधी नाही, हे आईला विचार न करता कळायचं. मला ते कळायला काही वर्षं आणि बऱ्याच करपलेल्या कढया लागल्या.

लहानपणी एक गोष्ट मला जादूच वाटायची. आई बाहेरच्या खोलीत बसलेली असायची, कढई आत गॅसवर, आणि मध्येच ती हातातलं काम टाकून म्हणायची, "लागतेय बघ भाजी." पळत जाऊन बघावं तर खरंच तळाला नुकती चिकटायला लागलेली असायची. वास तोवर बाहेर आलेलाही नसायचा. मी विचारलं तर म्हणायची, "आवाज बदलला ना." मला तर सगळा एकच चर्रर्र ऐकू यायचा.

आता ऐकू येतो. भाजी कढईत पडली की आधी मोठा, ओला आवाज येतो, पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा. ते भाजीतलं पाणी वाफ होऊन निघत असतं. पाणी आहे तोवर भाजी शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही, म्हणून ती शिजते, पण करपत नाही. हळूहळू तो आवाज खाली येतो, विरळ होतो आणि मग बारीक, कोरडं तडतडणं सुरू होतं. याचा अर्थ पाणी संपलं, आता तेल आणि भाजी समोरासमोर आलेत. साधारण एकशेचाळीस अंशांपुढे भाजी तांबूस व्हायला लागते, खमंग वास सुटतो. खरपूस हवी असेल तर हीच वेळ, पण ती दोन-तीन मिनिटांचीच. त्यानंतर कडू.

म्हणूनच कढईत गर्दी करू नका, बाबा. तुम्ही सगळं एकदम ओतता. (बॅग भरतानाही तेच करता.) खूप भाजी एकदम पडली की कढई गार होते, पाणी सुटतं, त्याला निघून जायला वाट मिळत नाही आणि भाजी परतली जाण्याऐवजी आपल्याच पाण्यात उकडते. दोन खेपा करा. दोन माणसांच्या भाजीला असा काय वेळ लागतो?

आणि हे मी हात जोडून सांगतो: श्रवणयंत्र काढून ठेवून स्वयंपाक करायचा नाही. ते कानात घालून चर्रर्र फार मोठं वाटतं हे मला माहीत आहे. नसेलच घालायचं तर स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवा आणि आईची खुर्ची दाराशी आणा. हात तुमचे, कान तिचे.

आता फरसबी. तुम्ही केलेल्या फरसबीचा फोटो आला होता, शेवाळी रंगाचा. आई काही बोलली नाही म्हणालात, म्हणजे बोलली असणारच. हिरव्या भाजीला आच लागली की पहिल्या मिनिटाभरात ती आणखी हिरवीगार दिसते, आणि आपल्याला वाटतं, वा. मग भाजीतलंच आम्ल सुटायला लागतं आणि हिरव्या रंगाच्या पोटातलं मॅग्नेशियम हुसकावून लावतं. मॅग्नेशियम गेलं की रंग गेला. यातलं काही आम्ल वाफेबरोबर उडून जाऊ शकतं, पण तुम्ही वर झाकण ठेवता, त्यामुळे ते थेंब होऊन परत भाजीवर पडतं. म्हणून हिरव्या भाज्यांचं झाकण काढा. पाणी लागलंच तर थोडं आणि उकळतं घाला, आणि सहा-सात मिनिटांत आटपा. कुणी चिमूटभर सोडा घालायला सांगेल. रंग राहतो, खरं आहे, पण भाजीचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वांची वाट लागते. सोडा डब्यातच राहू दे.

याच्या उलट गाजर, दुधी, बटाटा. यांना झाकण हवंच. मंद आचेवर आपल्याच वाफेत ती छान मऊ होतात, तुमच्या कवळीलाही बरी. झाकणावर थोडं पाणी ठेवायची आईची पद्धत आहे ना, ती उगाच नाही. वरून झाकण गार राहतं, वाफ तिथे थंड होऊन पुन्हा आत ठिबकते आणि भाजी तळाला लागत नाही. गाजराला तेलाचा एखादा चमचा द्याच. त्यातलं जे डोळ्यांना चांगलं म्हणतात ते तेलात विरघळतं, तेलाशिवाय फारसं अंगी लागत नाही.

बटाट्यावरून माझी एक फजिती सांगतो, आईला सांगितली नव्हती. नवीन घरात राहायला गेलो तेव्हा चार मित्रांना जेवायला बोलावलं. रश्श्यात आधी टोमॅटो, आधी चिंच, मग कच्चे बटाटे. चाळीस मिनिटं उकळलं तरी बटाटा दगड. मी गॅसला शिव्या घातल्या, बटाट्यांना घातल्या, ज्याने विकले त्यालाही. गॅसचा काही दोष नव्हता. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारा जो डिंकासारखा पदार्थ असतो, तो आंबटात सैल पडत नाही, म्हणून भाजी टणक राहते. आधी शिजवा, मऊ झालं की मग आंबट. पाहुणे भले होते, त्यांनी बटाटे बाजूला काढून रस्सा ओरपला.

पालकाबद्दल फार लिहीत नाही, एकच: मीठ पाला आटल्यावर. पातेलंभर पाला असतो तेव्हा त्या मानाने मीठ पडतं, आणि पाच मिनिटांनी पातेल्यात मूठभर पालक आणि पातेलंभर पाल्याचं मीठ उरतं. वांगं चिरलं की लगेच पाण्यात टाका, काळं पडत नाही. वांगं म्हणजे हवा भरलेला स्पंज, तेल घालाल तितकं पितं आणि तरी कोरडंच दिसतं. त्याला फसू नका. आधी झाकण ठेवून एक वाफ काढा, स्पंज बसला की चमचाभर तेलात भागतं. फ्रीजरमधले मटार वापरायला लाज वाटून घेऊ नका. ते एकदा उकळत्या पाण्यातून काढूनच गोठवलेले असतात, तीन-चार मिनिटं पुरतात.

मिठाचं मात्र नीट वाचा. बाबा, तुम्हाला हल्ली सगळं अळणी लागतं आणि तुम्ही वरून मीठ घेता, हे आईने मला सांगितलंय. (चहाडी नाही, काळजी.) वय वाढलं की नाक मंद होतं, आणि चवीतला मोठा वाटा खरं तर नाकाचाच असतो. म्हणजे कमी पडतंय ते मीठ नाही, वास कमी पडतोय. तर वास वाढवा. जिरं कोरडं भाजून हातानेच भरडा आणि ताटात घेताना वर घाला. लिंबाची फोड जवळ ठेवा, आंबटाने मिठाची उणीव बरीच झाकली जाते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे सगळ्या पदार्थांतलं मिळून एक सपाट छोटा चमचा. त्या हिशेबाने दोघांच्या एका भाजीला पाव चमचा भरपूर झाला. तोही शेवटी घाला, वरवर राहिलेलं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून कमी पुरतं. आणि ते "कमी सोडियमचं" मीठ कुणी सुचवलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते अंगाशी येऊ शकतं.

आता कोबी. कोबी मी मुद्दाम शेवटी ठेवला.

गेल्या वर्षी तुम्ही दोघं इकडे आला होतात, तेव्हा एका रात्री घाईत मी कोबी अर्धवटच परतला. मोहरी, कोबी, मीठ, चार मिनिटं, संपलं. बाबा, तुम्ही दोन घास खाऊन बाजूला सारलात, चावत नव्हता. आईने दोनदा मागून घेतला. मी म्हटलं, अगं कच्चा राहिलाय, राहू दे. तर म्हणाली, "मला असाच आवडतो. करकरीत."

एक्केचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि मला हे माहीत नव्हतं. आपल्या घरी कोबी कायम मऊ, पार गळालेला, कारण तुम्हाला तसा लागायचा आणि मला तसाच माहीत होता. म्हणजे इतकी वर्षं ती स्वतःला न आवडणारा कोबी आठवड्यातून दोनदा करत होती. मी विचारलं, कधी बोलली का नाहीस? तर म्हणाली, "एवढ्याशा कोबीसाठी दोन कढया कुठे करायच्या?"

दोन कढया लागतच नाहीत, बाबा. कोबी टाकल्यापासून चार मिनिटांनी, पांढरा रंग जाऊन पाती जरा चकचकीत दिसायला लागल्या की आईची वाटी काढून घ्या आणि तिच्या वाटीत चिमूटभर मीठ घाला. उरलेल्यात पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून तुमचा कोबी मऊ होऊ द्या. फार वेळ मात्र नको, कोबी जास्त शिजला की त्यातलं गंधक वास सोडतं आणि घरभर पसरतं. फरसबीचंही असंच करा (फक्त झाकणाशिवाय), गाजराचंही. आधी तिची वाटी. ती "कशाला ते, एकत्रच होऊ दे" म्हणेल. त्या वेळी हवं तर श्रवणयंत्र काढून ठेवा.

गॅसचं बटण बंद केल्यावर एकदा मोठ्याने "बंद" म्हणा, म्हणजे आईला तपासायला उठावं लागणार नाही. उरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

शनिवारी मी नेहमीच्या वेळेला फोन करेन. तेव्हा कोबी टाकून ठेवा आणि फोन कढईजवळ धरा, फार जवळ नको. मी आणि आई दोघं ऐकतो. वाटी कधी काढायची ते तीच सांगेल.

तुमचा,
बाळ