तो डबा घेऊ नकोस, बाळ्या

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

तू घ्यायला निघालेल्या त्या तयार स्मूदी-पुडीच्या डब्याचा फोटो मिळाला. मागची बारीक अक्षरं मोठी करकरून सगळी वाचली. ओट्स, चिया, भोपळ्याच्या बिया, बदाम, मोरिंगा (म्हणजे आपला शेवग्याचा पाला), 'नैसर्गिक स्वाद' आणि साखरेचीच दोन-तीन निरनिराळी नावं. मग किंमत बघितली. आमची ही म्हणाली, "काय हो, कुणी गेलं का?" इतकं तोंड उतरलं होतं माझं.

वहिनींचं म्हणणं बरोबरच आहे. सातची कंपनीची बस, तोवर पोटात नुसता चहा आणि दहाला कॅन्टीनचा वडापाव, हे पन्नाशीत चालायचं नाही. पण त्यावर उतारा म्हणून हा डबा घेऊ नकोस. घरी कर. एक रविवार सकाळ मोडेल, पण पुढचे तीन-चार आठवडे बघायला नको. आमच्यात धाकटा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पळून आला की त्याला दारातच काहीतरी हातात द्यावं लागतं, नाहीतर मिळेल ते खात सुटतो. त्याच्यासाठी म्हणून हे सुरू केलं आणि आता घरातले सगळेच पितात.

तालमीतली थंडाई आठवतेय ना? बदाम, खसखस, बडीशेप, मिरी रात्री भिजत घालायची आणि सकाळी आपल्यासारख्या बारक्या पोरांना घोटायला बसवायचं. वस्तादांच्या कुंडीपाशी किती घाम गाळला आपण, तेवढा आखाड्यात गाळला असता तर खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली असती. हे त्याच घराण्यातलं आहे, फक्त कोरडं. भिजवायला आणि घोटायला आता कुणाला वेळ आहे? पूड करून ठेवायची आणि सकाळी केळं, दूध, दोन चमचे पूड मिक्सरमध्ये फिरवून प्यायची. झाली स्मूदी.

आता प्रमाण. मी एकावेळी साधारण साडेसहाशे ग्रॅमच करतो, जास्त करत नाही. नाचणी २०० ग्रॅम, फुटाण्याची डाळ १५०, बदाम ७५, मग भोपळ्याच्या बिया, तीळ, जवस आणि राजगिऱ्याच्या लाह्या प्रत्येकी ५०, अळीव २५, आणि शेवग्याच्या पाल्याची पूड फार तर १५. वर सुंठ, वेलची आणि चिमूटभर जायफळ. चिया घालायची तर घाल, माझं काही म्हणणं नाही. पण जवस आणि अळीव असताना तिचं फारसं अडत नाही. इथं लक्ष्मीपुरीच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. पुण्यातही कुठल्याही चांगल्या किराणा दुकानात मिळेल, फक्त भोपळ्याच्या बिया सोललेल्या हिरव्या बघून घे आणि मीठ लावलेल्या घेऊ नकोस.

नाचणीचं नीट ऐक, कारण तिथंच लोक घाई करतात. कच्चं पीठ तसंच दुधात घालायचं नाही. चव पिठूळ लागते आणि पोटात जड होतं. आई अजून जुन्या पद्धतीनं सत्त्व करते. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. या दिवसांत थंडीमुळं मोड यायला दीड-दोन दिवस लागतात, मे महिन्यात एका रात्रीत येतात. मोड पांढरे, तांदळाच्या कणीएवढे दिसले की सावलीत खडखडीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची, चाळायची. मोड आणल्यानं धान्यातलं फायटेट, म्हणजे खनिजं अडवून धरणारं द्रव्य, कमी होतं आणि लोह, कॅल्शियम जास्त अंगी लागतं. तुला एवढं जमायचं नाही, हे मला माहीत आहे. तू बिनसाखरेचं तयार सत्त्व आण. नाहीतर साधं पीठ आणून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत भाज. रंग थोडा गडद होतो आणि घरभर खमंग वास सुटतो. तो वास आल्याशिवाय गॅस बंद करू नकोस.

बाकीचं सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र अजिबात नाही. बदाम भाजून होईतो तिळाचा कोळसा होतो. बदाम मंद आचेवर, एखादा फोडून बघितला की आतून किंचित पिवळसर दिसेपर्यंत. भोपळ्याच्या बिया टम्म फुगतात आणि तडतडून कढईबाहेर उड्या मारतात, तेव्हा ताटली झाकण म्हणून हाताशी ठेव. तीळ तडतडायला लागले की लगेच परातीत काढायचे. गॅस बंद केला म्हणून निवांत बसू नकोस, तापलेली कढई त्यांना भाजतच असते. जवसाचंही तेच. अळीव बारीक आणि लालच, करपला तरी कळत नाही, म्हणून त्याला नुसता चटका द्यायचा. डाळ आधीच भाजलेली असते, ओल निघण्यापुरती गरम करायची. लाह्यांना हात लावायचा नाही.

मग सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. गार म्हणजे तळहात ठेवला तर अजिबात ऊब लागता कामा नये. कोमट असताना दळून बरणीत भरलं तर आत वाफ धरते, झाकणाला आतून दव येतं आणि पुडीच्या गुठळ्या होतात. आणि एकदा ओल शिरली की बुरशी यायला वेळ लागत नाही.

दळताना बदाम, तीळ आणि भोपळ्याच्या बिया डाळीबरोबरच फिरवायच्या. मिक्सर सलग चालवायचा नाही, थांबून थांबून फिरवायचा. भांडं तापलं की बियांचं तेल सुटतं आणि पुडीऐवजी लगदा होऊन पात्याला चिकटतो. डाळ ते तेल धरून ठेवते, म्हणून ती सोबत. आणि हो, वेळ वाचवायला गिरणीत टाकू नकोस. आपल्याकडं तर लोक डंकावरसुद्धा, म्हणजे मिरची-मसाला कांडायच्या यंत्रावर, नेतील, पण डंकावर वर्षाची चटणी कांडलेली असते. दुधाला त्याचा ठसका लागला तर वहिनी दोघांनाही सोडायच्या नाहीत.

जवस मात्र मी पुडीत मिसळत नाही. भाजून अख्खा वेगळ्या बाटलीत ठेवतो, आठवड्यापुरता दळतो आणि स्मूदी करताना घालतो. अख्खा गिळला तर तसाच्या तसा बाहेर पडतो, त्यामुळं दळणं भाग आहे. पण ओमेगा-३ ज्या तेलात असतं, तेच तेल दळल्यावर हवेनं लवकर खवट होतं. त्या डब्यातला जवस किंवा चिया कधी दळली आणि डबा गोदामात किती महिने पडून होता, कुणाला माहीत?

गूळ, साखर, खारीक, दूध पावडर यातलं काही पुडीत घालायचं नाही. गूळ आणि खारीक हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात तर बरणीत दगड होतो. गोड हवं तर फिरवताना एखादा खजूर किंवा गुळाचा खडा टाक. सध्या गुऱ्हाळं जोरात आहेत, गुळाची ढेप पाठवतोच आहे. पण पिकलं केळं घातलंस की गुळाची गरज पडत नाही, खरंच सांगतो.

करताना आधी दूध, मग पूड, मग फळ. आधी पूड टाकली तर ती पात्याखाली जाऊन बसते. पूड दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास. एक केळं किंवा दोन चिकू, पेलाभर उकळून गार केलेलं दूध. आम्ही म्हशीच्या दुधात पाणी घालतो, नाहीतर फार घट्ट होतं. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधावर वाढलेला तू, पिशवीच्या दुधाला नाकं मुरडशील, पण चालतं तेही. केली की लगेच प्यायची. पंधरा मिनिटं ठेवलीस तर अळीव आणि जवस फुगतात आणि चमच्यानं खायची पाळी येते. बसमध्ये बाटलीतून न्यायचा विचार असेल तर तो सोडून दे. आणि प्यायल्या प्यायल्या वर चहा नको, तासभर जाऊ दे. चहामुळं लोह नीट अंगी लागत नाही.

आता त्या डब्यावरच्या आकड्यांबद्दल, कारण तू त्यालाच भुललास. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. वाचायला भारी वाटतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. पण माझ्या दोन चमचे पुडीत नाचणी येते नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम तीस-पस्तीस मिलीग्रॅम. त्याच पेल्यातलं दूध दोनशेच्या वर देतं. शेवग्याचा पाला तर दोन चमच्यांत एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. मग डब्याच्या दर्शनी भागावर हिरव्या पानाचं एवढं मोठं चित्र कशाला? तुझ्या डब्यावरचे आकडे १०० ग्रॅमचे आहेत आणि चमचा आहे १० ग्रॅमचा, परत एकदा बघ. पाला मी वाढवत नाही, कारण जरा जास्त झाला तरी सगळ्याला गवताचा वास येतो. पोट धरून ठेवतात ते डाळ, बिया, बदाम आणि दूध. ३० ग्रॅम पुडीतून सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, दुधातून सात-आठ, केळ्यातून एखादा ग्रॅम. सकाळी सातच्या आत एवढं पोटात गेलं की दहाच्या वडापावकडं बघावंसं वाटत नाही. त्यापलीकडं या पुडीकडून काही मागू नकोस. रविवारी तांबडा-पांढरा ओरपायचा आणि सोमवारी स्मूदीनं पोट सपाट व्हायची वाट बघायची, असलं खूळ नको.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. तुला मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय. बदाम, तीळ आणि राजगिरा या तिन्हींत ऑक्झलेट, म्हणजे ज्याचे खडे बनतात ते द्रव्य, बरंच असतं. त्यामुळं वर लिहिलेलं प्रमाण आमच्या घरचं समज. तुझ्यासाठी राजगिरा काढून टाक, बदाम आणि तीळ प्रत्येकी २५ ग्रॅमवर आण, शेवग्याचा पाला नको, आणि डाळ २०० आणि भोपळ्याच्या बिया १०० कर. पाणी भरपूर पी. आणि हा कागद एकदा तुझ्या डॉक्टरांना दाखव, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. काकांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना? त्यांना पाल्याची पूड देण्याआधीही विचार. त्यात क जीवनसत्त्वाबरोबर के जीवनसत्त्वही असतं आणि त्या गोळ्यांपैकी काहींचं त्याच्याशी जमत नाही.

बरणी काचेची, चमचा कोरडा. एवढ्या थंडीत ओट्यावर ठेवलीस तरी चालेल, जूनपासून मात्र फ्रीजमध्ये. उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला तर चव घेत बसू नकोस, सरळ फेकून दे. शेंगदाणे मी मुद्दाम लिहिले नाहीत. घातले तर स्वस्त पडतं आणि चवही झकास येते, पण निवडायला नजर लागते. एखादा काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा आत गेला तर सगळी पूड वाया. तुझी नजर मला माहीत आहे, म्हणून राहू दे.

वहिनींना सांग, हे काम तुझ्याकडंच ठेवायचं. त्यांच्या गळ्यात मारलंस असं कळलं तर मी फोन करून बोलेन. भाजायला दोन तास लागतात, बाजूला रेडिओ लाव.

पुतण्या पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, मित्राकडं उतरणार आहे. त्याच्याबरोबर गुळाची ढेप, अर्धा किलो नाचणी सत्त्व आणि तुझ्या प्रमाणात केलेली थोडी पूड पाठवतो, म्हणजे चव कळेल. काकूंना नमस्कार सांग. त्यांना दात नसल्यानं बदाम खाता येत नाहीत म्हणत होत्या, त्यांना हीच पूड गरम दुधात घालून दे, केळं नको, वरून जरा जायफळ किसून. पोरांना चिकू घालून दे, ती विचारणारसुद्धा नाहीत आत काय आहे.

आणि बरणी रिकामी झाली की परत पाठव. ती आईची आहे, लोणच्याच्या दिवसांत तिला सापडली नाही तर माझं काही खरं नाही.

तुझाच,
पप्या