रिकाम्या टेबलावरचा फोन झोपवा, राखीव लाइन झोपवू नका

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सा. न. वि. वि.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आपल्याला आठवत असेल. सोमवार होता, दहा नुकतेच वाजून गेले होते. मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मी फोर्टातल्या एका कार्यालयाच्या हब रूममध्ये, म्हणजे नेटवर्कची उपकरणं ठेवतात त्या खोलीत, यूपीएसच्या पडद्याकडे बघत उभा होतो. शिल्लक वेळ, ३८ मिनिटं. जनरेटर होता, पण त्यावर लिफ्ट आणि साहेबांची केबिन. कोविडचे दिवस असल्यामुळे मजल्यावर माणसं चार-पाच. तरी हॉलमध्ये साठेक टेबलांवर साठेक आयपी फोन दिवे लावून बसलेले. हे फोन भिंतीतल्या प्लगवर चालत नाहीत. नेटवर्कच्या तारेतूनच वीज ओढतात, म्हणजे त्या घडीला माझ्याच बॅटरीतून. मी स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात त्या नेटवर्कच्या डब्यात, लॉगिन करून रिकाम्या टेबलांचे पोर्ट (तारा खोचायच्या जागा) एकेक करून बंद केले. पडद्यावरचा आकडा चढत चढत तासाच्या वर गेला.

वीज वाचवली म्हणून नेटवर्क टिकलं. आमच्या धंद्यात मात्र या दोन गोष्टी सवती समजल्या जातात.

त्याला कारणही आहे. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी वीजबचतीचं परिपत्रक निघालं. वरून विचारणा झाली, कोणत्या लाइनवर ट्रॅफिक नाही? अर्थातच राखीव फायबरवर, म्हणजे मुख्य लाइन तुटली तर वापरायच्या दुसऱ्या लाइनवर. बंद करा. त्या लाइनच्या टोकाचं, प्रकाशाने सिग्नल पाठवणारं ऑप्टिकल मॉड्यूल जेमतेम एक वॉट खातं. वर्षाचे पावणेनऊ युनिट. मे महिन्यात पावसाळ्याआधीची खोदाई सुरू झाली, जेसीबीने मुख्य फायबर तोडली. राखीव लाइन चालू करायला गेलो तर तीही मेलेली! कधी मेली, कोणालाच पत्ता नाही, कारण बंद ठेवलेल्या लाइनचा अलार्म वाजत नाही. दीड दिवस काम ठप्प. बंब नुसताच उभा असतो म्हणून आपण अग्निशमन केंद्राला टाळं लावत नाही ना?

मग वीज जाते कुठे? मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग या संशोधकांनी २००३ सालीच इंटरनेटची उपकरणं रिकामी असतानाही वीज खात राहतात यावर बोट ठेवलं होतं. स्विचमधून डेटा भरभरून वाहो की थेंबभर, पंखा, पॉवर सप्लाय आणि आतली चिप आपला हिस्सा घेतातच. समजा एक स्विच ८० वॉट घेतो, तर वर्षाला ७०० युनिट झाले. त्यावर जोडलेले फोन आणि वाय-फायचे डबे वेगळे. आणि ही सगळी उष्णता बाहेर काढणारा एसी आणखी वेगळा. मुंबईच्या दमट हवेत हब रूम म्हटली की एसी १८ वर, ही जणू रूढीच आहे. स्वेटर घालून काम केलंय मी तिथे. आजच्या उपकरणांना २४-२५ अंश सहज चालतात.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी साडेबेचाळीस तास कार्यालय भरलेलं, उरलेले सव्वाशे तास रिकामं. या सव्वाशे तासांत टेबलावरच्या फोनला वीज कशाला हवी? ठरल्या वेळी पोर्टची वीज तोडायची आणि सकाळी नऊला जोडायची, ही सोय बऱ्याच स्विचमध्ये आधीपासून असते. फक्त कोणी ती चालू करत नाही. कॅमेरे, आगीची सूचना देणारी यंत्रणा, लिफ्टमधला फोन, नियंत्रण कक्ष यांना मात्र हात लावायचा नाही. ही यादी मजल्यावरच्या माणसाने करावी, परिपत्रकाने नव्हे. आणि आख्खा स्विच रात्री बंद, सकाळी चालू, असं तर मुळीच नको. जुना पॉवर सप्लाय वर्षानुवर्षं चालू राहतो आणि एकदा थंड झाला की पुन्हा उठत नाही, हे आमच्यातल्या प्रत्येकाने कधीतरी भोगलंय.

२०१० मध्ये इथरनेटच्या, म्हणजे कार्यालयातल्या तारांच्या नेटवर्कच्या, मानकातच डुलकीची सोय आली. तारेवर डेटा नसला की दोन्ही टोकं झोपतात आणि गिगाबिट वेगाची लाइन सेकंदाच्या साठ हजाराव्या भागात जागी होते. कागदावर उत्तम. पण मीच कितीतरी पोर्टांवर ती बंद केलेली आहे, कारण एखादा जुना प्रिंटर नीट जागा होत नाही, लाइन सारखी तुटते, आणि शिव्या मला बसतात. दोन्ही टोकांची उपकरणं धड असतील तरच ती उपयोगाची, म्हणून गोष्ट खरेदीवर येते.

आणि माझी खरी मागणी खरेदीचीच आहे. टेंडरमध्ये पोर्ट किती, वेग किती, वॉरंटी किती वर्षांची हे सगळं असतं. स्विच रिकामा असताना किती वॉट घेतो, हा रकाना मी पाहिलेल्या टेंडरांत तरी नव्हता. एसी घेताना आपण वीजबचतीचे तारे मोजतो, इथे मात्र एल-वन (सर्वांत कमी किमतीची निविदा) आला की विषय संपला. सात वर्षांचं वीजबिल किमतीत धरून मग एल-वन ठरवा. स्वस्त स्विच किती महाग पडतो ते दिसेल. सोबत एक अट घाला, दर तीन महिन्यांनी मुख्य लाइन मुद्दाम काढून राखीव लाइनवर काम चालतं का ते बघायचं आणि वहीत नोंद करायची.

जमलं तर एखाद्या शनिवारी रात्री अकराला, न कळवता, कोणत्याही सरकारी इमारतीत या. वॉचमनला दिवे लावू नका म्हणून सांगा. अंधाऱ्या हॉलमध्ये टेबलाटेबलावर जो हिरवा उजेड दिसेल, तो आधी मोजा.

आपला,
मुंबईतला एक नेटवर्कवाला