अंपायर सर, त्या दिवशीचं थँक्यू राहून गेलं होतं

सर नमस्कार, रेशीमबागेच्या मैदानावर बेसबॉलच्या मॅचमध्ये आउट दिल्यावर तुमच्याशी तोंड वर करून भांडलेली ती मुलगी मीच. आधी माफी मागते.

खरंच वाटलं होतं की अन्याय झाला. सेंटरला उंच बॉल गेला, अशा वेळी बेसवर थांबायचं असतं, पण मी कॅचच्या आधीच तिसऱ्या बेसवरून पळाली, तुम्ही काहीच बोलला नाहीत, होमवर पोचली, टीमने मला उचलून घेतलं आणि मग त्यांच्या थर्ड बेसवालीने बॉल मागवला, बेसवर पाय ठेवून अपील केलं आणि तुम्ही लगेच आउट दिलं. मी ओरडले, दिसलं होतं तर तेव्हाच काहून नाही सांगितलं?

एप्रिलचं ऊन, नागपुरातलं. तरी मॅच संपल्यावर तुम्ही थांबलात, झाडाखाली बसवलंत, आधी पाणी दिलंत. लवकर निघणं, बेस हुकणं हे अंपायर बघून ठेवतो पण समोरची टीम विचारेपर्यंत गप्प राहतो, पुढचा पिच पडेपर्यंत कोणी विचारलं नाही तर रन धरायचा, आधीच सांगितलं तर ती एका टीमला मदत होते. आणि फिल्डरच्या ग्लोव्हला बॉल लागला की त्याच क्षणी निघता येतं, कॅच पूर्ण व्हायची वाट बघायची नाही, हे तर आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं सर!

मग काडीने मातीत रेघ ओढलीत. टॅग चुकवायला रनर रेघेपासून तीन फुटांहून जास्त बाजूला गेली तर आउट, पण हा तीन फुटांचा नियम चुन्याच्या रेघेवरून मोजत नाहीत, फिल्डर टॅग करायला (बॉल हातात घेऊन रनरला लावायला) येते तेव्हा रनर जिथे असते तिथून बेसपर्यंतची सरळ रेघ धरतात. मी इतकी वर्षं उलटंच समजत होती.

अमेरिकेतल्या 1908 च्या एका मॅचमधल्या फ्रेड मर्कलचं पण तेव्हाच कळलं. 19 वर्षांचा पोरगा, जिंकल्याच्या आनंदात दुसऱ्या बेसला पाय न लावताच वळला, समोरच्या शिकागो कब्स टीमच्या जॉनी एव्हर्सने बॉल मागवून बेसवर पाय ठेवला, आउट. तो फोर्स आउट होता, म्हणजे मागून बॅटर येत असल्याने पुढच्या बेसला जावंच लागतं तेव्हाचा आउट, माझ्यासारखी अपील नाही, हा फरकही तुम्हीच सांगितला. त्या रात्री मला जरा झोप लागली.

मागच्या रविवारी आमच्या एका ज्युनिअरने समोरच्या रनरचा दुसरा बेस हुकलेला पाहिला. ओरडली नाही, बॉल मागितला, बेसवर पाय ठेवला आणि अंपायरना नीट सांगितलं. आउट मिळाला. तिला ते मी शिकवलं होतं, मला तुम्ही. थँक्यू सर, मनापासून.