तुझ्या एंजल्सची जोडी जमली का?

कोथरूड, पुणे

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या टाकीतल्या एंजल माशांचा व्हिडिओ मिळाला. खाली लिहिलंयस, "जोडी जमली! आता अंडी कधी?" फोनवर बोललो असतो तर दुसऱ्याच वाक्याला मला तोडून तू आपलंच सुरू केलं असतंस, म्हणून हे पत्र. शिवाय तू वाघोलीला गेल्यापासून आमच्यासाठी परगावचाच.

तर ती जोडी नाही. निदान अजून तरी नाही. मोठा एंजल दुसऱ्याच्या अंगावर सारखा धावून जातो, ते तुला प्रेम वाटलं. पण ज्याच्या अंगावर जातो त्याच्याकडे बघ ना! पर मिटलेले, पट्टे फिके, आणि हीटरमागच्या कोपऱ्यात वर जाऊन उभा. ही सरळ दादागिरी आहे. सहा पोरं एका टाकीत वाढली की थोरला कोण, धाकटा कोण हे ठरणारच. खाणं टाकलं की ते जास्तच दिसतं. त्यात नर-मादीचा संबंध असेलच असं नाही.

घोळ असा की सिक्लिडांचं, म्हणजे एंजल ज्या कुळातले त्या माशांचं, भांडण आणि प्रियाराधन सुरुवातीला सारखंच दिसतं. समोरासमोर येणं, पर ताणणं, आडवं उभं राहून शेपटीनं पाण्याचा फटका देणं, तोंडात तोंड धरून ओढाओढ, हे सगळं दोन्हीकडे. आखाड्यातल्या पहिलवानांची खडाखडी असते ना, तसं ते एकमेकांचा जोर अजमावतात. फरक कळतो तो नंतर. ओढाओढ सुटल्यावर एकानं पळ काढला तर ते भांडण. सुटल्यावर दोघंही तिथेच शेजारी शेजारी राहिले, अंगाला हलका थरकाप देत एकमेकांभोवती फिरले, तर आशा धरायला हरकत नाही.

पण माझा भरवसा या कशावर नाही, जागेवर आहे. जमलेली जोडी टाकीचा एक कोपरा धरते आणि बाकीच्या चौघांना तिथून हाकलते. एकटा नव्हे, दोघं मिळून. मग अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं एखादं उभं पान किंवा फिल्टरचा पाइप निवडून तो तोंडानं टिपून टिपून साफ करायला लागतात. हे दिसलं की समज, दिवस जवळ आले. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली ब्रीडिंग ट्यूब, म्हणजे विणीच्या वेळी बाहेर येणारी छोटी नळी, दिसते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. तोवर एंजलमध्ये नर कुठला आणि मादी कुठली हे छातीठोकपणे सांगणारा दुकानदार थापा मारतोय असं खुशाल समज. कपाळावरच्या उंचवट्यावरून सांगतात ते मोठ्या माशांत कधी जुळतं, लहानांत नाही.

आणखी एक गंमत. नर नसला तर दोन माद्यासुद्धा जोडी जमवतात, जागा धरतात, पान साफ करतात, दोघीही अंडी घालतात! मग पानावर नेहमीपेक्षा जास्त अंडी दिसतात आणि ती सगळीच्या सगळी पांढरी पडतात, म्हणजे फुकट जातात.

वयाचं बोलायचं तर जुलैत आणलीस तेव्हा ती पाच रुपयांच्या नाण्याएवढी होती. एंजल साधारण सात-आठ महिन्यांपासून वर्षापर्यंत वयात येतात. तेव्हा घाई कसली? सहा आणलेस तेच शहाणपणाचं केलंस. त्यांची ती निवडतील. आपण दोन उचलून वेगळ्या टाकीत टाकले म्हणजे लग्न लागत नाही.

तुझी खरी अडचण पाण्याची आहे. इकडे आम्हाला खडकवासल्याचं पाणी, क्लोरीन काढलं की काम झालं. तुमच्याकडे टँकर, म्हणजे बहुतेक बोअरचं जड पाणी. त्यात एंजल जगतात, वाढतातही, पण अंडी फळायला मऊ पाणी बरं. आरओचं पाणी थोडं थोडं मिसळत जा, एकदम बदलू नकोस. आणि पुण्याची डिसेंबरची रात्र तुला माहीत आहे. हीटर २७-२८ अंशांवर ठेव, गार पाण्यात ते अंड्यांचं नाव काढणार नाहीत.

पहिल्या वेळी अंडी खाल्ली तर वहिनींसमोर माशांना शिव्या घालू नकोस. कोवळ्या जोड्या पहिल्या एक-दोन खेपांना अंडी खातात, विशेषतः कुणी सारखं काचेशी नाक लावून बसलं तर. नुसती पांढरी अंडी उचलून खाताना दिसले तर ती साफसफाई आहे, मध्ये पडू नकोस. सगळं जमलं तर दोन-तीन दिवसांत अंड्यांतून शेपट्या वळवळतात. पिल्लं डोक्याजवळच्या चिकट धाग्यांनी पानाला लटकलेली असतात, खाली पडलेलं आई-बाप तोंडात धरून पुन्हा चिकटवतात. आणखी पाचेक दिवसांनी ती पोहायला लागतात. तेव्हा त्यांना खायला ताजा आर्टेमिया, म्हणजे अगदी बारीक जिवंत कोळंबीसारखे जीव, लागेल.

दुकानदार कॉन्व्हिक्ट या दुसऱ्या सिक्लिडची जोडी गळ्यात मारतोय म्हणालास. घे, पण वेगळ्या टाकीत. ते चार-सहा महिन्यांतच वयात येतात, कुठल्याही पाण्यात विणतात, आणि विणीच्या काळात तीन फुटी टाकी पूर्ण आपल्या बापाची समजतात. एकत्र ठेवलेस तर तुझे एंजल्स एका कोपऱ्यात चिकटतील. त्यांच्यात ओळख मात्र सोपी, मादी लहान आणि तिच्याच पोटावर नारिंगी झाक.

बाय द वे, अलेप्पीला केळीच्या पानातलं करीमीन, तो मासा, तू चाटूनपुसून खाल्लंस, ते याच कुळातलं. गोव्यात त्यालाच कालुंदर म्हणतात, आणि २०१० पासून तो केरळचा राज्यमासा आहे. तेही जोडीनं पिल्लं सांभाळतं. तेव्हा तुला सांगितलं नाही, घास अडकला असता.

रविवारी दुपारी पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर घेऊन येतो. तोवर टाकीत हात घालू नकोस, फक्त तो कोपऱ्यातला बिचारा फारच मार खात असेल तर मध्ये एखादं झाड लावून आडोसा कर. वहिनींना सांग, जेवायला थांबणार आहे. मासे नकोत, पिठलं-भाकरी चालेल.

तुझा,
नाना